आग्रा रोडवरची दोन शहरं: इंदूर ते ग्वाल्हेर

गुरुवार, इंदूर

१९०१ च्या जनगणनेत ग्वाल्हेर शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख २० हजार होती आणि इंदूरची, रेसिडेन्सीचा म्हणजे इंग्रज प्रतिनिधीच्या ठाण्याचा भाग सोडून, सुमारे ८७ हजार. २०११ मध्ये इंदूर २० लाखांच्या घरात पोचलं होतं, ग्वाल्हेर साडेदहा लाखांच्या आसपास. शाळेत भूगोल शिकवायचे तेव्हा हे आकडे मी फळ्यावर लिहायचे आणि वर्गाला विचारायचे, असं का झालं? ग्वाल्हेर संस्थान २५ हजार चौरस मैलांचं, इंदूर जेमतेम साडेनऊ हजारांचं. शिंद्यांना २१ तोफांची सलामी, होळकरांना १९. सगळी मापं ग्वाल्हेरच्या बाजूची, मग शतकभरात पारडं फिरलं कसं? मुलं म्हणायची, इंदुरात नोकऱ्या आहेत म्हणून. पण त्या इथेच का आल्या, हा प्रश्न उरायचाच.

या जानेवारीत पुण्याहून भाचा आला. नगररचना शिकतोय. म्हणाला, "मावशी, आकडे पुस्तकातही मिळतात. तू मला जागा दाखव." ग्वाल्हेरच्या आत्याकडे जायचं कधीपासून मनात होतंच. म्हटलं, चल.

सुरुवात जुन्या इंदुरापासून केली. राजवाड्यापासून नाही, कारण राजवाडा नंतरचा. खान आणि सरस्वती या दोन लहान नद्या इथे भेटतात. पंढरीनाथ भागात इंद्रेश्वराचं देऊळ आहे, त्यावरून गावाला नाव पडलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इथले जमीनदार राव नंदलाल चौधरी यांनी या नदीकाठी व्यापाऱ्यांना बोलावून वसवलं. माळव्यातून दक्षिणेकडे जाणारी वाट इथून जायची. म्हणजे मल्हारराव होळकर यायच्या आधीच इथे बाजार उभा होता. माझ्या मते या शहराचा स्वभाव तिथेच ठरला. आधी दुकान, मग दरबार.

राजवाड्यासमोर भाचा बराच वेळ मान वर करून उभा राहिला. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. ही वास्तू तीनदा आगीत सापडली: १८०१, १९०८ आणि १९८४. पहिली आग कुणी लावली हे सांगितल्यावर तो चमकलाच. १८०१ च्या जुलैत यशवंतराव होळकरांनी शिंद्यांचं उज्जैन लुटलं आणि त्याचा सूड म्हणून ऑक्टोबरात दौलतराव शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी इंदूर लुटलं, जाळलं. राणोजी शिंदे आणि मल्हारराव होळकर, दोघेही थोरल्या बाजीरावांच्या हाताखाली वाढलेले सरदार. त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या पिढीनं एकमेकांची शहरं पेटवली. मराठ्यांचा इतिहास सांगताना या पानावर माझा आवाज आजही जड होतो. पुढच्या वर्षी यशवंतरावांनी हडपसरला शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला, पेशवा इंग्रजांकडे धावला आणि उरलेलं सगळं आपल्याला ठाऊक आहे.

इंदूर राजधानी झालं तेही पराभवातून. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ कारभार केला तो महेश्वरहून, नर्मदेच्या काठी राहून. इंदूर तेव्हा मोठी पेठ होतं, राजधानी नव्हतं. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांची फौज हरली, जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि त्यानंतर गादी इथे स्थिरावली. रेसिडेन्सी आली आणि लढायांचे दिवस संपले. होळकरांकडे आता प्रदेश कमी आणि बाजार मोठा, अशी स्थिती होती. त्यांनी बाजाराचाच हात धरला. माळव्याची अफू इंदुरात तोलली जाऊन मुंबईकडे जायची. दुसऱ्या तुकोजीरावांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, तेही १८७० च्या सुमाराला. त्या रेल्वेनं इंदूरचं तोंड मुंबईकडे वळलं आणि ते आजतागायत तसंच आहे.

संध्याकाळी बक्षी गल्लीतून सराफ्यात. सोनारांच्या पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच ओट्यांवर खाण्याची दुकानं लागतात. जानेवारीत इंदुरात असाल तर गराडू चुकवू नका. तळलेलं गरम कंद, वर मसाला आणि लिंबू. थंडी सरली की मिळत नाही. भाच्यानं भुट्ट्याचा कीस दोनदा मागवला. मध्यरात्र उलटली तरी लेकराबाळांसह माणसं फिरत होती. इथे रात्री बाहेर पडायला भीती वाटत नाही, हे मला इंदूरचं सगळ्यात मोठं वैभव वाटतं. देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ सलग पहिला क्रमांक आला, त्याचाही अभिमान आहेच. घंटागाडी आली की आमच्या रामबागेत वृद्धसुद्धा ओला-सुका वेगळा करून उभे असतात.

शुक्रवार, जानापाव आणि गिरण्या

सकाळी महूच्या पुढे जानापावच्या डोंगरावर गेलो. इंदूर समजून घ्यायचं असेल तर राजवाड्याइतकंच हे ठिकाण महत्त्वाचं आहे आणि बहुतेक पाहुणे इथे येत नाहीत, याची मला खंत वाटते. इथे चंबळ उगम पावते. माथ्यावर उभं राहिलं की दक्षिणेला विंध्याचा कडा तुटतो आणि खाली नर्मदेकाठचा निमाड दिसतो. चोरल, कारम या नद्या तिकडे उतरून नर्मदेला मिळतात. चंबळ आणि गंभीर उत्तरेला वळतात, यमुनेची वाट धरतात. आपण जलविभाजकावर उभे असतो.

भाच्याला म्हटलं, "आता सांग, इंदुरात मोठी नदी का नाही?"

"कारण शहरच नद्यांच्या उगमापाशी बसलंय."

अगदी बरोबर. सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरचं हे पठार बसाल्टचं. वर काळी जमीन, खाली पाणी धरून न ठेवणारा खडक. 'पग-पग रोटी, डग-डग नीर' ही माळव्याची ख्याती लहान गावांच्या विहिरींपुरती खरी होती. लाखांच्या शहराला ती पुरेना. मग १९७० च्या दशकात लोकांनी आंदोलन करून नर्मदेचं पाणी मागितलं आणि मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर लांबून, अख्खा विंध्य चढवून ते आणलं गेलं. नदीकाठचं महेश्वर सोडून होळकर वर पठारावर आले आणि दीडशे वर्षांनी त्यांच्या शहराला तीच नर्मदा पंपांनी वर ओढून आणावी लागली. इंदुरात नळ उघडताना प्रत्येकानं ही चढण आठवावी, असं मला मनापासून वाटतं.

पण याच काळ्या जमिनीनं कापूस दिला आणि कापसानं गिरण्या. दुपारी हुकुमचंद मिलच्या बाजूनं गेलो. मालवा, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी, भंडारी, हुकुमचंद. भोंग्यावर शहर उठायचं, असं वडील सांगत. गिरण्यांसाठी माणसं आली ती राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून, खानदेश-विदर्भातून. मराठी वस्तीही तेव्हा वाढली. राजवाड्याभोवतीच्या वाड्यांतली दरबारी मराठी एक आणि गिरणगावातली वेगळी. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये इंदूर दरबारासाठी शहराचा आराखडा केला होता, तोही या वाढीला वाट करून द्यायला. नदी साफ करा, जुनी घरं सरसकट पाडू नका, मोकळ्या जागा राखा, असा त्यांचा आग्रह. भाच्यानं हे कॉलेजात वाचलेलं होतं. खान नदीच्या पुलावर उभा राहून तो एकेक मुद्दा ताडून पाहत होता.

हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. हजारो कामगारांची देणी तीस वर्षांहून जास्त काळ अडकून राहिली. कितीजण ती न बघताच गेले. गिरण्या गेल्या तरी शहर थांबलं नाही, कारण तोवर जवळच पीथमपूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली होती, आणि त्याच्याही आधी फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी बाजार वाढवला होता. पुढे १९९६ ला आयआयएम, २००९ ला आयआयटी. आलेल्याला जागा द्यायची सवय होती, ती उपयोगी पडली.

शनिवार, रस्त्यात

दोन्ही शहरं एकाच रस्त्यावर आहेत, हे नकाशात बघितल्याशिवाय ध्यानात येत नाही. इंदुरात ज्याला आम्ही ए. बी. रोड म्हणतो, तो आग्रा-मुंबई रस्ता. रात्रीची गाडी होती, पण मुद्दाम मोटारीनं गेलो. सुमारे पाचशे किलोमीटर.

देवास, शाजापूर. शाजापूरच्या आसपास कर्कवृत्त ओलांडतो. सारंगपूरला काळी सिंध, ब्यावरा सोडल्यावर पार्वती. या दोन्ही चंबळेच्या लेकी. गुण्यापर्यंत शेतं काळी, गहू-हरभऱ्याची. गुण्यानंतर बघता बघता जमीन तांबूस-पिवळी होते, बसाल्ट संपतो आणि विंध्य वालुकाश्म सुरू होतो. शिवपुरीकडे घरांवर कौलांऐवजी दगडी फरश्या दिसू लागतात. भाच्यानं गाडी थांबवायला लावून मातीचे दोन फोटो काढले. त्यापुढे मोहरीची पिवळी शेतं आणि धुकं.

शिवपुरी ही शिंद्यांची उन्हाळी राजधानी. त्यांच्या छत्र्या म्हणजे समाधीच्या वास्तू पाहिल्या, जेवलो, निघालो. अंधार पडायच्या आत ग्वाल्हेर गाठायचं होतं.

रविवार, किल्ला

समुद्रसपाटीपासून ग्वाल्हेर इंदूरपेक्षा साडेतीनशे मीटरनं खाली, अक्षांशानं साडेतीन अंश वर. त्यामुळे इथे उन्हाळा आणि थंडी दोन्ही टोकाचे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि आज सकाळी धुक्यात समोरचा माणूस दिसत नव्हता. इंदूरची शाल इथे पुरत नाही.

चढायला पूर्वेची वाट धरली. पायथ्याशी गुजरी महाल. मानसिंह तोमरांनी मृगनयनीसाठी बांधलेला, आता तिथे संग्रहालय आहे. वरच्या वाटेवर, गणेश पोळ आणि लक्ष्मण पोळ यांच्यामध्ये, कातळात कोरलेलं लहानसं चतुर्भुज मंदिर लागतं. गाईड लोक इथे फारसे थांबत नाहीत, आम्ही तासभर थांबलो. आतल्या इ.स. ८७६ च्या लेखात देवाला दिलेल्या बागेची मापं आहेत: २७० हात बाय १८७ हात. आणि रोजच्या पन्नास माळा. २७० आणि ५० मधली शून्यं आजच्यासारखीच गोल कोरलेली. ज्या काळाची खात्रीनं तारीख सांगता येते, अशा भारतातल्या शून्याच्या सर्वांत जुन्या खुणांपैकी ही एक. आयुष्यभर खडूनं शून्यं काढलेल्या बाईला ते दगडातलं शून्य बोटानं दाखवताना काय वाटलं, ते सांगता येत नाही. डोळे भरले, एवढं खरं.

वर मान मंदिर. मानसिंहांचा काळ १४८६ ते १५१६. बाहेरच्या भिंतीवर निळ्या-पिवळ्या फरश्यांची बदकं, हत्ती, केळी अजून ताजी आहेत. तळघरात उतरलं की मुघलांच्या काळातला तुरुंग. इथेच शिखांचे सहावे गुरू हरगोविंद कैदेत होते. जवळच दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे. तेली का मंदिर, सास-बहूची देवळं बघून उरवाई दरवाज्याच्या बाजूनं उतरलो. तिथे पंधराव्या शतकातल्या प्रचंड जैन मूर्ती कातळात कोरलेल्या आहेत. बाबरानं त्यांची तोडफोड करवली, त्याच्या खुणा दिसतात.

पण या शहराचं कोडं उलगडलं ते तटावरून. टेकडी जवळजवळ तीन किलोमीटर लांब, सुमारे शंभर मीटर उंच, कडे उभे. ज्याच्या हाती ही टेकडी, त्याच्या हाती आग्र्याहून दक्षिणेला जाणारा रस्ता. म्हणून प्रतिहार, कच्छपघात, तोमर, लोदी, मुघल, मराठे, इंग्रज, सगळे इथे भांडले. १७८० मध्ये इंग्रज अधिकारी पॉफमच्या माणसांनी रात्री कडा चढून किल्ला घेतला. पुढे हात बदलत राहिला आणि शिंद्यांकडे कायमचा परत आला तो १८८६ मध्ये, झाशीच्या बदल्यात.

धुकं विरल्यावर भाच्याला दाखवलं. उत्तर-पूर्वेला पायथ्याशी जुनं ग्वाल्हेर, तिथे महंमद घौसांची कबर आणि शेजारी तानसेनची. दक्षिणेला लष्कर: १८१० मध्ये दौलतरावांनी उज्जैन सोडून इथे तळ दिला, त्या तळाचंच शहर झालं. पूर्वेला मुरार, इंग्रजी फौजेची छावणी. तीन वेगळी गावं, तीन वेगळ्या कारणांनी वसलेली, आणि मध्ये हा कातळ.

भाचा म्हणाला, "इथे शहराला मधोमध वाढायला जागाच नाही."

"इंदूरला मधोमध बाजार होता. इथे मधोमध किल्ला," मी म्हटलं. किल्ल्यानं ग्वाल्हेरला हजार वर्षांचा इतिहास दिला आणि तीन पेठांत वाटूनही टाकलं. रुंद काळी जमीन आसपास नाही. थोड्या अंतरावर चंबळेच्या दऱ्या सुरू होतात. पिण्याच्या पाण्यासाठी सांक नदीवर तिघरा धरण बांधावं लागलं, तेही १९१७ मध्ये एकदा फुटलं. चंबळच्या डाकूंच्या भीतीनं कितीतरी वर्षं उद्योगधंदा इकडे यायला बिचकत होता. १९७२ ला जौऱ्याला जयप्रकाशजींसमोर शरणागती झाली तेव्हा आत्याच्या घरी पेढे वाटले होते म्हणे. बिर्लानगरची जियाजीराव कॉटन मिल, शहराची मोठी अन्नदात्री, तीही बंद पडली. आणि तिच्या जागी पीथमपूरएवढं काही उभं राहिलं नाही. मालनपूरची औद्योगिक वसाहत झाली, पण तिला ती गती आली नाही.

फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीला नमस्कार केला. जून १८५८. इथे शब्द वाढवत नाही.

सोमवार, लष्कर

आत्याचं घर चिटणीसांच्या गोठीत. गोठ म्हणजे सरदारांच्या माणसांची एका दाराआडची वस्ती. शिंदे की छावणी, पाटणकर बाजार, दौलतगंज, कंपू. लष्कराच्या पाट्या वाचत चाललं तर शिंद्यांच्या फौजेची आणि कारभाराची हजेरीच लागते. आत्या ऐंशी पार केलेली. तिच्या मराठीत 'आपण बसावं', 'घ्यावं' असं अजून आहे. माझी इंदुरी मराठी ऐकून ती हसते.

"तुमच्या इंदूरला सगळं मिळतं गं," ती म्हणाली, "पण गाणं शिकायला माणसं कुठं यायची?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. इंदुरानं अमीर खाँसाहेब दिले, लता मंगेशकरांचा जन्म १९२९ चा इंदूरचाच. पण ख्याल महाराष्ट्रात आला तो या लष्करातून. हद्दू खाँ-हस्सू खाँ शिंद्यांच्या दरबारात होते. त्या परंपरेचे वासुदेवबुवा जोशी. त्यांच्याकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर पायपीट करून शिकले, आणि त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुस्कर. शंकरराव पंडित आणि कृष्णराव पंडित हे तर इथलेच. १९१८ ला भातखंड्यांच्या योजनेनं माधव संगीत विद्यालय सुरू झालं. भा. रा. तांबे इथले राजकवी. १९६१ चं मराठी साहित्य संमेलन इथे झालं, कुसुमावती देशपांडे अध्यक्ष होत्या. संमेलनाला मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. आत्या त्या मांडवात होती. हे सांगताना ती ताठ बसली.

शिंद्यांचा जयविलास राजवाडा पाहिला. १८७४ चा, झुंबरं साडेतीन टनांची, छत पेलतं का बघायला हत्ती वर चढवले होते असं सांगतात. भव्य आहे. मला त्याहून मोती महालात थांबावंसं वाटलं. २८ मे १९४८ ला मध्यभारत राज्य झालं. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख, यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. मध्यभारताचा कारभार इथून चालायचा. १८०१ ला ज्यांनी एकमेकांची शहरं जाळली, त्यांच्या घराण्यांनी दीडशे वर्षांनी एकच राज्य वाटून घेतलं. सहा महिन्यांनी दप्तरं बांधून कारकून ए. बी. रोडनं जायचे-यायचे. १ नोव्हेंबर १९५६ ला राजधानी भोपाळला गेली. दोघांच्या वाट्याला हायकोर्टाचं एकेक खंडपीठ राहिलं. इंदुराला राजधानी गेल्यानं विशेष फरक पडला नाही, बाजार होता. ग्वाल्हेरचं मात्र दरबार आणि कचेरी हेच भांडवल होतं. माझ्या वर्गाला मी आता हेच उत्तर दिलं असतं.

गोठीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललो. निम्म्या वाड्यांना कुलपं. मुलं पुण्याला, बंगळुरूला. "आजी, इथे मराठी घरं किती उरली?" भाच्यानं विचारलं. आत्यानं बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. म्हणाली, मागच्या जनगणनेत दोन-तीन घरांनी आपणहून मातृभाषा हिंदी लिहवली; मुलं शाळेत हिंदी बोलतात, मग काय फरक पडतो, असं म्हणत. "फरक पडतो. आकड्यात नसलो तर शाळाही मागता येत नाही, वाचनालयही नाही. या वेळी मी घरोघर जाऊन सांगणार आहे."

आम्ही चपला घालत होतो तोवर तिनं समोरच्या ओट्यावरच्या सूनबाईंना हाक मारून विषय काढलासुद्धा.